महागडी प्रायव्हेट नर्सिंग डिग्री घ्यावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲडमिशनचा सीझन आला की तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून एकत्र करून उत्तरं लिहितोय. फीचे आकडे मुद्दाम टाकलेले नाहीत, कारण ते देशागणिक आणि कॉलेजागणिक बदलतात, म्हणून हिशोब सगळा फी शंभर धरून केलाय. तुमचे आकडे तुम्ही घाला.

१. थेट सांगा ना, एवढे पैसे घालून प्रायव्हेटला नर्सिंग करावं की नाही?

तीन गोष्टी जुळल्या तर करावं. तुम्हाला जी नोकरी हवीये तिला डिग्रीच लागते, कमी फीची सीट खरोखर मिळत नाहीये आणि कॉलेजच्या मागे पेशंटनी भरलेलं हॉस्पिटल आहे. यातली एक जरी नसली तरी सही करायच्या आधी थांबा.

कारण असं की पेशंटला हात लावायचा अधिकार कॉलेज देत नाही, तो त्या त्या देशाची किंवा राज्याची नर्सिंग कौन्सिल देते. कॉलेज तुम्हाला फक्त त्या दारापर्यंत नेऊन सोडतं, आणि कमी फीचं कॉलेजसुद्धा त्याच दारापर्यंत नेतं. मग जास्तीचे पैसे कशाचे, हे विचारायला लाजायचं नाही. वॉर्डातलं शिक्षण जास्त चांगलं असेल तर ते पैसे वसूल होतात, काचेची बिल्डिंग आणि ब्लेझर असेल तर नाही.

२. डिप्लोमा आणि डिग्री, शेवटी दोघी नर्सच ना? मग फरक काय पडतो?

वॉर्डात पहिल्या दोनतीन वर्षांत फार कमी पडतो, पुढे पडतो. अमेरिकेत दोन वर्षांची असोसिएट डिग्री केलेले आणि चार वर्षांची बॅचलर केलेले दोघं एकच परीक्षा देतात, एनक्लेक्स-आरएन, आणि लायसन्सही एकच मिळतं. भारतात ३ वर्षांचं जीएनएम (म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा) आणि ४ वर्षांचं बीएस्सी नर्सिंग, दोघांचंही रजिस्ट्रेशन नर्स म्हणूनच होतं, पण एम्सच्या नर्सिंग ऑफिसरच्या परीक्षेला बीएस्सीवाल्यांना थेट बसता येतं आणि जीएनएमवाल्यांना किमान ५० बेडच्या हॉस्पिटलातला २ वर्षांचा अनुभव लागतो. निवड झाली की पद एकच. इंग्लंडमध्ये मात्र २०१३ पासून नवीन नर्ससाठी डिग्रीच आहे, तिथे हा प्रश्नच उरत नाही.

पुढचा फरक म्हणजे मास्टर्स, शिकवण्याची नोकरी, नर्स प्रॅक्टिशनर (पेशंट तपासून औषध लिहून देणारी नर्स), मॅनेजमेंट, ही दारं डिग्रीशिवाय बहुतेक ठिकाणी बंद असतात. न्यूयॉर्क राज्याने तर २०१७ मध्ये कायदाच केला की नवीन आरएनने (रजिस्टर्ड नर्सने) लायसन्स मिळाल्यापासून १० वर्षांत बॅचलर पूर्ण करायचं.

डिग्रीचा पेशंटला फायदा होतो का असंही विचारतात. २०१४ मध्ये लॅन्सेटमध्ये युरोपातल्या ९ देशांतल्या ३०० हॉस्पिटलांचा अभ्यास आला होता, त्यात डिग्रीधारक नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथे ऑपरेशननंतर ३० दिवसांत पेशंट दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी दिसली. म्हणजे डिग्रीला अर्थ आहे. पण हे डिग्रीबद्दल आहे, *महागड्या* डिग्रीबद्दल नाही, आणि कॉलेजवाले हे दोन मुद्दे फार सहज एकात मिसळतात. त्याच अभ्यासात एका नर्सकडे एक पेशंट वाढला की तीच शक्यता ७ टक्क्यांनी वाढते असंही निघालं होतं, ते मात्र माहितीपत्रकात कुणी छापत नाही.

३. नामांकित महागड्या कॉलेजातून पास झालं तर सुरुवातीचा पगार जास्त मिळतो का?

बहुतेक वेळा नाही. नर्सचा पगार ठरतो तो हॉस्पिटल सरकारी की खासगी, कुठल्या शहरात, युनियन आहे का, आयसीयू की जनरल वॉर्ड, नाइट किती आणि अनुभव किती यावर. इंजिनीअरिंग, मॅनेजमेंटसारखं कॉलेजच्या नावावर पॅकेज फुगतं असं इथे होत नाही, आणि सरकारी वेतनश्रेणीत तर कॉलेजच्या नावाचा रकानाच नसतो. ज्यांनी दुप्पट फी भरली आणि ज्यांनी निम्मी भरली त्यांची ड्युटी एकाच चार्टवर लागते आणि पगारही एकाच तारखेला तेवढाच जमा होतो.

अपवाद एक आहे. मोठ्या हॉस्पिटलचं स्वतःचं कॉलेज असेल आणि ते आपल्याच मुलांना आधी घेत असतील, तर नावाचा फायदा पहिल्या नोकरीपुरता होतो. पण "प्राधान्य देतो" आणि "घेतो" यात फरक आहे. मागच्या बॅचमधल्या किती जणांना घेतलं ते विचारा.

४. कर्ज किती झालं म्हणजे जास्त झालं? घरी म्हणतात एज्युकेशन लोन काय, नोकरी लागली की फिटतं.

फिटतं, पण कधी आणि कितीला. हा हिशोब कुणी करतच नाही म्हणून इथे जरा लांबण लावतो.

समजा चार वर्षांची फी १००. दरवर्षी सुरुवातीला २५ कर्ज घेतलं, व्याज वर्षाला १० टक्के चक्रवाढ, आणि शिकेपर्यंत हप्ता नाही. खूप लोकांना वाटतं हप्ता नाही म्हणजे व्याज नाही, तसं नसतं हो, बहुतेक कर्जांत ते मागे साचत असतं. कोर्स संपेल त्या दिवशी तुमच्या डोक्यावर १०० नाही, साधारण १२८ असतात. आता ते पुढच्या ७ वर्षांत सारख्या वार्षिक हप्त्यांनी फेडले तर वर्षाला २६ च्या थोडे वर जातात आणि एकूण भरता जवळजवळ १८४. म्हणजे कॉलेजने सांगितलेली किंमत १०० आणि तुमच्या खिशातून गेलेली १८४, त्यात हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म, परीक्षा फी, रजिस्ट्रेशन फी अजून धरलेलीच नाही.

मग मर्यादा कुठे आखायची? शैक्षणिक कर्जाबाबत एक साधा नियम सांगतात की एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या अपेक्षित पगारापेक्षा जास्त नको. मी नर्सिंगसाठी तो थोडा सैल करायला तयार आहे कारण नोकरी तुलनेने लवकर लागते, पण दीडपटीच्या वर गेलं की पगाराचा मोठा हिस्सा हप्त्यात जातो, आणि मग माणूस चांगलं शिकायला मिळणारा वॉर्ड सोडून दोन पैसे जास्त देणारी कुठलीही नोकरी धरतो, डबल ड्युटी करतो आणि दोन वर्षांत थकतो. आणि अपेक्षित पगार म्हणजे जाहिरातीतला नाही. गेल्या वर्षी पास झालेल्या कुणाला तरी गाठून हातात किती येतात ते विचारा.

जमीन किंवा घर तारण ठेवायला लागत असेल तर माझं उत्तर सरळ नाही असं आहे. मग प्रश्न ११ आणि १२ वाचा.

५. जगभर नर्सेसचा एवढा तुटवडा आहे म्हणतात, मग नोकरीची काळजी कशाला?

तुटवडा खरा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे २०२३ मध्ये जगात साधारण २ कोटी ९८ लाख नर्सेस होत्या आणि ५८ लाख कमी पडत होत्या. पण पेशंटला नर्स लागणं वेगळं आणि हॉस्पिटलने पगार देऊन जागा भरणं वेगळं. वॉर्डात चाळीस पेशंटमागे एक नर्स असते तिथे तुटवडा डोळ्यांनी दिसतो, तरी जागा निघत नाही कारण निधी नाही किंवा मालकाला एकीवर भागवायचंय. कॅलिफोर्नियासारखं २००४ पासून कायद्याने प्रमाण ठरवून दिलं, आयसीयूत दोन पेशंटमागे एक नर्स वगैरे, तर तुटवड्याचं रूपांतर जागांमध्ये होतं, नाहीतर नाही.

फिलिपिन्सचं उदाहरण मी सगळ्यांना देतो. २००० नंतरच्या दशकात अमेरिकेत मागणी आहे म्हणून तिथे खासगी नर्सिंग कॉलेजं धडाधड निघाली, डॉक्टर लोकसुद्धा परत नर्सिंग शिकायला बसले, मग अमेरिकेचा व्हिसा आटला आणि लायसन्स हातात असलेले हजारो लोक बेकार राहिले, काहीजण तर अनुभवाचा कागद मिळावा म्हणून हॉस्पिटलात फुकट राबले, काहींनी त्यासाठी उलट पैसे मोजले. मागणी परदेशात, व्हिसा त्यांच्या हातात आणि फी तुमची. हे गणित लक्षात ठेवा.

६. कॉलेज चांगलं आहे हे भेट देऊन कसं ओळखायचं?

कॉलेज बघूच नका, हॉस्पिटल बघा. नर्सिंग हे निम्मं तरी वॉर्डात शिकायचं काम आहे. युरोपियन युनियनच्या नियमात किमान ३ वर्षं आणि ४,६०० तासांचं शिक्षण सांगितलंय आणि त्यातला निम्मा वेळ तरी क्लिनिकल हवा, यावरून अंदाज घ्या.

सकाळी सातआठच्या सुमारास जा, ड्युटी बदलते तेव्हा. बेड किती हे बोर्डवर लिहिलेलं असतं, त्यात *पेशंट* किती झोपलेत ते मोजा. कागदावर तीनशे बेड आणि आत गाद्यांवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही अशी हॉस्पिटलं असतात. मग स्टुडंट कुठे आहेत ते बघा. पेशंटजवळ आहेत, बीपी घेतायत, ड्रेसिंगला मदत करतायत, बरोबर ट्यूटर आहे, तर छान. सगळे कोपऱ्यात उभे राहून फाईल उतरवतायत, किंवा उलट, स्टाफ भरायचा नाही म्हणून पूर्ण वॉर्ड दुसऱ्या वर्षाच्या पोरींच्या भरवशावर चाललाय, तर दोन्ही वाईट. दुसरा प्रकार तर वरून चांगला दिसतो, "खूप हँड्स-ऑन मिळतं" म्हणतात, पण चूक दाखवायला कुणी नसेल तर चुकीची सवयच पक्की होते.

तिसऱ्याचौथ्या वर्षाच्या मुलांना बाहेर चहाला गाठा आणि हे विचारा: डिलिव्हरी किती बघितल्या आणि स्वतः किती केल्या, पीडियाट्रिकची पोस्टिंग खरी झाली की नुसती सही, सायकियाट्रीला कुठे पाठवतात, लॉगबुक (केलेल्या कामाची नोंदवही) शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत भरतात का. शेवटच्या प्रश्नाला पोरं हसली की समजून जा.

सिम्युलेशन लॅबमधला बोलणारा पुतळा दाखवतील, तो छान असतो, पण त्याला कोण आणि कितीदा हात लावतं तेही विचारून घ्या.

७. "आमचा ९८ टक्के निकाल" असं सांगतात. विश्वास ठेवायचा का?

कशाचे ९८ टक्के ते आधी विचारा. पहिल्या वर्षाला ६० घेतले, अवघड वाटणाऱ्या २० जणांना मधेच मागे ठेवलं किंवा घरी पाठवलं आणि उरलेल्या ४० पैकी ३९ पास झाले, तर निकाल ९८ टक्केच होतो की. पण तुम्ही त्या वीसात असाल तर तुमची फी गेली. अमेरिकेत काही कॉलेजं कोर्सच्या शेवटी स्वतःची एक एक्झिट परीक्षा लावतात आणि त्यात कमी मार्कांचे विद्यार्थी लायसन्स परीक्षेपर्यंत पोचूच देत नाहीत, त्यामुळे निकाल चकचकीत राहतो.

म्हणून आकडा एकच मागायचा. पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी किती जण ठरलेल्या वेळेत पास होऊन पहिल्याच प्रयत्नात लायसन्स घेऊन बाहेर पडले? लेखी द्या म्हणा. टाळाटाळ केली तर तेच उत्तर.

८. मान्यता आहे असं बोर्डवर लिहिलंय, तेवढं पुरे ना?

नाही. विद्यापीठाची मान्यता वेगळी आणि नर्सिंग कौन्सिलची वेगळी, दोन्ही हव्यात. कौन्सिलच्या यादीत कॉलेजचं नाव, *तो* कोर्स, *ते* वर्ष आणि मंजूर सीट, चारही स्वतः तपासा. ६० सीटची मंजुरी आणि वर्गात ८० बसलेत, तर वरच्या २० जणांचं रजिस्ट्रेशन कोण करणार? आणि "मान्यता प्रोसेसमध्ये आहे" याचा अर्थ आज मान्यता नाही एवढाच होतो.

हे फक्त गरीब देशांत चालतं असं समजू नका. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणांनी फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग स्कूलमधून ७,६०० हून जास्त बोगस डिप्लोमा विकले गेल्याचं उघड केलं, त्यातले बरेच जण लायसन्स परीक्षाही पास झाले होते. पुढे नाव आल्यावर लोकांची लायसन्स अडकली. त्यामुळे "हजेरीचं आम्ही बघून घेऊ, तुम्ही फक्त परीक्षेला या" असं कुणी म्हटलं की तिथून निघायचं.

९. मला बाहेर जायचंच आहे. मग महाग असली तरी डिग्रीच घेऊ ना?

डिग्रीने सोपं जातं, पण महाग असल्याचा तिथेही काही उपयोग नाही, कारण परदेशातली कौन्सिल कॉलेजचं नाव बघत नाही, तुमची ट्रान्सक्रिप्ट बघते. कुठल्या विषयाचे थिअरी किती तास, क्लिनिकल किती तास, मेडिकल-सर्जिकल, बालरुग्ण, प्रसूती, मानसिक आरोग्य सगळं आहे का. कॅलिफोर्नियाची बोर्ड तर थिअरी आणि त्याच विषयाचं क्लिनिकल बरोबरीने झालंय का तेही तपासते आणि त्यावरून अनेक परदेशी पदवीधरांचे अर्ज अडकलेत. म्हणून ॲडमिशनच्या आधीच विचारा, की तुमच्या कॉलेजातून तासांचा तपशील असलेली ट्रान्सक्रिप्ट किती दिवसांत मिळते आणि परदेशी कौन्सिलला थेट पाठवता का. पास झाल्यावर चार वर्षांनी क्लार्क शोधत फिरणारे लोक कमी नाहीत.

बाकी परीक्षा आहेतच. अमेरिका आणि कॅनडाला एनक्लेक्स (८५ ते १५० प्रश्न, ५ तास), ब्रिटनला कॉम्प्युटरवरची सीबीटी आणि मग तिथे जाऊन ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा, शिवाय इंग्रजीसाठी आयईएलटीएस किंवा ओईटी. हा खर्च फीच्या बाहेरचा. आणि व्हिसाची वाट बघण्याच्या काळात कर्जाचा हप्ता कशातून जाणार हे प्रश्न ४ मध्ये धरा.

१०. पूर्ण ऑनलाईन नर्सिंग डिग्री चालते का? फी निम्मी आहे.

पहिलं रजिस्ट्रेशन त्यावर मिळेल असं कुणी सांगत असेल तर फसवतंय. कॅथेटर स्क्रीनवर टाकता येत नाही. आधीच रजिस्टर्ड नर्स असाल आणि बॅचलर पूर्ण करायचं असेल तर मात्र वेगळं, अमेरिकेत आरएन-टू-बीएसएन (रजिस्टर्ड नर्सपासून नर्सिंगच्या बॅचलरपर्यंतचा कोर्स) ऑनलाईन सर्रास चालतं. तुमच्या देशात चालतं का ते कौन्सिललाच विचारा, कॉलेजला नको.

११. आधी स्वस्तात डिप्लोमा आणि मग नोकरी करत डिग्री, हा मार्ग कसा?

मला विचाराल तर हातात पैसे नसतील तेव्हा हाच सगळ्यात शहाणपणाचा. एक वर्ष आधी पगार सुरू होतो, काम आवडतं की नाही ते कळतं, आणि पुढच्या डिग्रीचे पैसे पगारातून जातात. भारतात जीएनएमनंतर २ वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी आहे, अमेरिकेत वरचं आरएन-टू-बीएसएन, आणि तिथली काही हॉस्पिटलं फीचा भागही उचलतात.

दोन अडचणी. एक, ब्रिज कोर्सला रजा मिळत नाही आणि लग्न, मुलं, नाइट ड्युटी यात "पुढच्या वर्षी करू" म्हणता म्हणता दहा वर्षं जातात. दोन, डिप्लोमाच बंद होत चाललेल्या देशात जायचं असेल तर हा मार्ग लांबचा पडतो.

१२. कमी फीची सीट थोडक्यात हुकली. एक वर्ष थांबू की प्रायव्हेटला जाऊ?

थांबण्याची किंमत म्हणजे एक वर्षाचा पगार. महागड्या आणि स्वस्त सीटमधला चार वर्षांचा फरक, व्याज धरून, त्या एका वर्षाच्या पगारापेक्षा जास्त असेल तर थांबणं स्वस्त पडतं. बऱ्याच ठिकाणी तो फरक कितीतरी जास्त असतो. पण "थोडक्यात" म्हणजे खरंच थोडक्यात हवं, दोनपाच मार्क. दीडशेने हुकलं असेल तर पुढच्या वर्षी चमत्कार होईल असं धरू नका, प्रश्न ११ चा मार्ग बघा. आणि त्या वर्षात घरी बसू नका, हॉस्पिटलात अटेंडंटचं किंवा पेशंट सांभाळायचं काम करा, वास, रक्त, शिव्या, रात्रपाळी सगळं फी भरायच्या आधी कळतं.

शिकताना पगार मिळतो असेही मार्ग आहेत. जर्मनीत नर्सिंगचं ३ वर्षांचं व्यावसायिक प्रशिक्षण आहे, त्यात शिकणाऱ्याला दरमहा पैसे मिळतात, पण आधी जर्मन नीट यायला हवी. इंग्लंडमध्ये डिग्री अप्रेंटिसशिप आहे, त्यात नोकरी आणि डिग्री बरोबर चालते.

१३. वय पस्तिसच्या पुढे आहे, दुसऱ्या विषयात पदवी आहे. आता वर्थ आहे का?

वय आडवं येत नाही, उरलेली वर्षं येतात. कर्ज फेडायला सात वर्षं आणि नोकरीची वीस राहिली तर चालतं. पदवीधरांसाठी अमेरिकेत १२ ते १८ महिन्यांचे ॲक्सिलरेटेड बीएसएन आहेत, पण ते बहुतेक महाग असतात आणि त्या काळात नोकरी करणं जवळजवळ अशक्य, म्हणजे फी अधिक बुडालेला पगार असा हिशोब धरा. कमरेचं दुखणं आधीपासून असेल तर डॉक्टरशी बोला, पेशंट उचलायला लागतात.

१४. हॉस्पिटल म्हणतंय फी आम्ही भरतो, बदल्यात काही वर्षं इथेच काम. घेऊ का?

वाईट नाही, पण कागद वाचा. मधेच सोडलं तर नुसती उरलेली फी परत की वर दंड? दंड वर्षागणिक कमी होतो की शेवटपर्यंत तेवढाच? पगार बाजाराएवढा की "शिकवलंय तुम्हाला" म्हणून कमी? लायसन्स परीक्षेत नापास झालात तर काय? आणि मूळ मार्कशीट, सर्टिफिकेटं ठेवून घेणार असतील तर कितीही चांगली अट असली तरी नको, कागद त्यांच्याकडे म्हणजे तुमचा पायही त्यांच्याकडे.

सरकारी योजना बऱ्याचदा जास्त सरळ असतात. अमेरिकेतल्या नर्स कोअरमध्ये तुटवडा असलेल्या ठिकाणी २ वर्षं काम केलं की उरलेल्या शैक्षणिक कर्जाचे ६० टक्के सरकार भरतं. अर्थात निवड व्हावी लागते, त्या भरवशावर आधीच कर्ज काढायचं नाही.

१५. दोन वर्षं झाली, आता कळतंय कॉलेज बेकार आहे. सोडू का?

भरलेली फी विसरा, ती दोन्हीकडे गेलीच आहे. आता फक्त पुढचं बघा. उरलेली फी किती, पास झाल्यावर रजिस्ट्रेशन *नक्की* मिळणार आहे का, आणि दुसरीकडे गेलात तर किती वर्षं मोजली जातील. नर्सिंगमध्ये मधेच कॉलेज बदलणं अवघड असतं, बरेचदा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. त्यामुळे मान्यता पक्की असेल आणि फक्त शिकवणं वाईट असेल तर मी पूर्ण करा म्हणेन, सुट्टीत चांगल्या हॉस्पिटलात परवानगी काढून काम बघा, पहिली नोकरी पगार बघून नाही तर शिकवणारी सिस्टर बघून धरा. मान्यताच डळमळीत असेल तर आजच बाहेर पडा, आणि जाण्यापूर्वी आतापर्यंतच्या मार्कांचा आणि क्लिनिकल तासांचा सही-शिक्क्याचा कागद घेऊन ठेवा, कॉलेज बंद पडल्यावर तो कुणाकडून मिळत नाही.